खाली ठेवता येतो तो खेळ

वाचकहो, माझ्यासारख्या सामान्य डॉक्टरने रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी किंवा निद्रानाश यांविषयी लिहावे, अशी आपली रास्त अपेक्षा असते. आज मात्र मी व्हिडिओ गेमविषयी लिहिणार आहे. त्याचे पहिले कारण हे की मी स्वतः ते खेळते. दवाखाना बंद करून, जेवणखाण आटोपून रात्री अर्धा तास मिळतो, तेवढाच. मी काही पट्टीची खेळाडू नव्हे. नवा खेळ आला, त्याची बातमी वाचली, आवडला तर खेळून पाहिला, इतकाच माझा छंद. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या साठी-सत्तरीच्या रुग्णांपैकी काहींच्या तक्रारींचे मूळ मोबाइलवरच्या खेळात सापडले, आणि काहींना त्याच खेळाने आधार दिल्याचेही मी पाहिले. औषधाप्रमाणेच खेळालाही मात्रा असते, आणि ती ठरवण्यासाठी आधी खेळ कोणता हे माहीत असावे लागते.

माझा दवाखाना ठाण्यात घोडबंदर रोडवर आहे. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत, येऊरच्या डोंगरांच्या कुशीत, गेल्या पंचवीस वर्षांत उंचच उंच इमारती उभ्या राहिल्या. गिरगाव, दादर, नौपाडा, डोंबिवली येथील चाळींत आणि लहान इमारतींत उभे आयुष्य काढलेले आईवडील मुलांबरोबर इथे विसाव्या-बाविसाव्या मजल्यावर राहावयास आले. मुलगा-सून सकाळी आठ वाजता बाहेर पडतात आणि रस्त्यावरची कोंडी पार करून रात्री नऊ वाजता परततात. चाळीत दार उघडले की माणूस दिसत असे. इथे दार उघडले की समोर लिफ्ट दिसते. अशा वेळी दुपारी दोन ते संध्याकाळी सातपर्यंतचा लांबलचक काळ मोबाइलवरचा लुडो, पत्ते किंवा रंगीत गोळ्या जुळवण्याचा खेळ भरून काढतो. यात नवल नाही, आणि लाज वाटण्यासारखे तर मुळीच काही नाही. सारीपाट आणि सोंगट्या मोठ्या माणसांनीच खेळल्या. सावंतवाडीचा रंगवलेला गोल पत्त्यांचा गंजिफा राजवाड्यात खेळला जाई. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट तर पापपुण्याचा विचार करीत खेळण्यासाठीच रचलेला होता. खेळ हा केवळ मुलांचा, असे आपल्याकडे कधीच नव्हते.

मग चांगला खेळ कोणता आणि घातक कोणता? डोळ्यांसमोर पडदा आहे की लाकडी पट, यावर ते ठरत नाही. माझ्या अनुभवाने माझ्यापुरती एक कसोटी तयार झाली आहे: जो खेळ सहज खाली ठेवता येतो, तो खेळ. जो ठेवता येत नाही, त्याला दुसरे नाव शोधावे. आज या खेळांच्या बाजारात जे चालले आहे, ते या एका कसोटीवर घासून पाहू.

प्रथम बाजाराची बातमी. रंगीत गोळ्या जुळवण्याचा कँडी क्रश सागा हा खेळ २०१२ साली आला. तो बनवणारी किंग ही कंपनी २०१६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड या मोठ्या कंपनीने घेतली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मोठी कंपनीच मायक्रोसॉफ्टने सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी ५५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर झाला. घेणाऱ्यांत सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी आहे. आपल्या मुलांनी शाळेत असताना संगणकावर ‘क्रिकेट ०७’ खेळले असेल, ते याच कंपनीचे. या आकड्यांचा आपल्याशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध असा की आपण फुकट खेळतो त्या खेळासाठी कोणी तरी एवढी रक्कम मोजली आहे, आणि ती वसूल व्हावयाची आहे.

ती वसूल कशी होते हे पाहण्यासारखे आहे. कँडी क्रशमध्ये पाच ‘जीव’ मिळतात. हरलो की एक जीव जातो, आणि तो परत मिळण्यास अर्धा तास लागतो. तेवढे थांबावयाचे नसेल तर पैसे भरा, किंवा नातेवाइकांकडे जीव मागा. वहिनींचे ‘मला एक जीव पाठव’ असे संदेश आपल्याला येतात ते यामुळेच. शिवाय बरेचदा आपण अगदी थोडक्यात हरतो. एकच चाल उरली असती तर जिंकलो असतो, असे वाटते. ‘थोडक्यात हुकले’ ही भावना मेंदूला पुन्हा प्रयत्न करावयास लावण्यात जिंकण्याइतकीच प्रभावी असते. बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले की मेंदूतील डोपामिन या रसायनाचे चक्र अधिक जोमाने फिरते. मटक्याच्या अड्ड्यावर जे घडे, त्याची ही सौम्य आवृत्ती होय. सौम्य असल्याने बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. परंतु दुपारच्या पाच तासांचे सात तास कधी झाले हे कळत नसेल, तर दोष केवळ आपल्या मनोनिग्रहाचा नसतो. तो खेळ तसाच बांधलेला असतो, हे ध्यानी असावे.

आता दुसरी बातमी, जिच्यात खरोखर जीव आणि पैसा दोन्ही गुंतलेले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा प्रसार व नियमन करणारा कायदा संमत केला, आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी आणली. रमी हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा न्यायालयांत वर्षानुवर्षे चाललेला वाद त्याने बाजूला ठेवला: कौशल्य असो वा नशीब, पैसे लावले की तो पैशांचा खेळ. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्यांची जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा आहे. खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार मानलेले नाही. मोठ्या भारतीय कंपन्यांनी काही दिवसांतच पैशांचे खेळ थांबवले. आपण क्रिकेटचे रसिक असाल तर त्या सप्टेंबरमधील आशिया चषकात भारतीय संघाच्या सदऱ्यावर प्रायोजकाचे नाव नव्हते, हे आपल्या लक्षात आले असेल. आधीचा प्रायोजक ड्रीम११ याच कायद्यामुळे बाजूला झाला होता.

हा कायदा होण्याच्या काही काळ आधीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तरीला आलेले एक निवृत्त गृहस्थ पत्नीसह आले. झोप उडालेली, गोळ्या चालू असूनही रक्तदाब १७० वर १००, वजन चार किलोंनी उतरलेले. काकू म्हणाल्या, “रात्री तीन-तीनपर्यंत हॉलमध्ये बसतात. विचारलं तर म्हणतात, बातम्या बघतोय.” काकू रक्त द्यावयास आत गेल्या, तेव्हा मी फक्त इतकेच विचारले, “काका, रात्री नक्की काय बघता?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डॉक्टर, रमी. सव्वादोन लाख गेलेत. हिला माहीत नाही.”

ज्याने अडतीस वर्षे नोकरी करून कधी लॉटरीचे तिकीटही घेतले नव्हते, असा हा माणूस. पुढे मुलाला कळले तेव्हा तो माझ्यासमोरच वडिलांवर संतापला: “या वयात जुगार? आम्ही कोणाला तोंड दाखवायचं?” काका मान खाली घालून बसले होते. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर हलके हलके घासला जात होता. त्यांना पार्किन्सन आजार होता, आणि दीड वर्षापूर्वी त्यासाठी प्रामिपेक्सोल नावाचे औषध सुरू झाले होते. रमी त्यानंतर सुरू झाली होती.

वाचकहो, या लेखातील एकच परिच्छेद कापून ठेवावयाचा असेल तर तो हा ठेवा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आणि त्याच गटातील इतर औषधे मेंदूत डोपामिनसारखे काम करतात. पार्किन्सनमध्ये, तसेच रात्री पाय अस्वस्थ होण्याच्या विकारात ती दिली जातात, आणि ती अतिशय उपयुक्त आहेत. परंतु काही रुग्णांमध्ये त्यांच्यामुळे मनावरचा लगाम सुटतो. आयुष्यात कधी न केलेला जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणे किंवा लैंगिक वर्तनातील बदल दिसू लागतो. अमेरिका व कॅनडातील ३०९० पार्किन्सन रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा प्रकारचे वर्तन या गटातील औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांमध्ये, तर न घेणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्क्यांमध्ये आढळले. रुग्ण स्वतः हे सांगत नाही, कारण त्याला ती आपली नैतिक घसरण वाटते. म्हणून घरच्यांनी पाहावे आणि डॉक्टरांनी विचारावे. आणखी एक सूचना तितकीच गंभीर आहे: ही औषधे स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. तसे केल्यास तीव्र अस्वस्थता, नैराश्य आणि आजारात वाढ होऊ शकते. मात्रा हळूहळू कमी करण्याचे किंवा औषध बदलण्याचे काम मेंदूविकारतज्ज्ञांचे आहे.

काकांच्या बाबतीत तसेच झाले. त्यांच्या तज्ज्ञांशी मी बोलले, औषध टप्प्याटप्प्याने बदलले गेले, आणि तीनएक महिन्यांनी काका म्हणाले, “आता मोबाइल हातात घेतला तरी तिकडे बोट जात नाही.” पैसे परत आले नाहीत. परंतु मुलगा वडिलांना पुन्हा ‘बाबा’ म्हणून हाक मारू लागला, आणि माझ्या मते त्या घराने गमावलेल्यांपैकी अधिक मोलाची वस्तू तीच होती.

कायदा झाला म्हणून हा धोका संपला, असे मात्र समजू नका. परदेशातून चालणारी बेकायदा संकेतस्थळे आहेतच. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर ‘घरबसल्या रमी खेळा, पहिले पाचशे आमच्याकडून’ असा दुवा आला तर तो उघडू नये. तिथे तक्रार करावयास दार नसते, आणि बँक खात्याची माहिती भलत्याच हाती जाते.

इतके भीतिदायक सांगून झाल्यावर मला आवडणाऱ्या खेळांकडे वळते. कारण ज्येष्ठांनी खेळूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

पत्त्यांपासूनच सुरुवात करू. फेब्रुवारी २०२४ मध्ये बालात्रो नावाचा खेळ आला. कॅनडातील एका माणसाने टोपणनावाने, जवळजवळ एकट्यानेच तो बनवला. पोकरच्या पत्त्यांचे डाव जुळवून गुण मिळवावयाचे, एकट्यानेच खेळावयाचे, एक रुपयाही लावावयाचा नाही. तरीही पोकर दिसले म्हणून युरोपातील वयोगट ठरवणाऱ्या मंडळाने त्याला आधी १८ वर्षांवरील ठरवले, आणि अपील झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मर्यादा १२ वर आणली. मला हा निर्णय फार पटला. पत्ते म्हणजे जुगार नव्हे. पैसा लागला की जुगार. आपल्या आजीने दिवाळीत खेळलेला बदामसात आणि रात्री तीन वाजता खेळलेली पैशांची रमी यांत हाच फरक आहे. बालात्रोविषयी माझी तक्रार एवढीच की तो फार रंगतो. म्हणून मी स्वयंपाकघरातील गजर लावून बसते.

घरच्या मंडळींसाठी लुडो किंग सर्वांत सोपा. तो २०१६ साली नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीने बनवला, आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. एकाच मोबाइलवर चौघांनी पाळीपाळीने खेळता येते, किंवा खोलीचा क्रमांक पाठवून परगावच्या नातवाबरोबरही. माझा सल्ला असा की अनोळखी लोकांशी खेळण्यापेक्षा याच दोन पद्धती वापराव्यात. मधे जाहिराती येतात, त्यांवर बोट ठेवू नये. खेळासाठी मोबाइल हाती घेतला आणि नातवाशी वीस मिनिटे गप्पा झाल्या, तर ते वीस मिनिटांचे औषधच आहे.

रोज एकच कोडे देणारे शब्दखेळ मला कसोटीस सर्वाधिक उतरणारे वाटतात. वर्डल हा इंग्रजी खेळ जॉश वॉर्डल यांनी आपल्या जोडीदारासाठी बनवला होता. २०२१ च्या अखेरीस तो जगभर पसरला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. दिवसाला एकच शब्द, सर्वांना सारखाच. सुटला की उद्यापर्यंत काही नाही. आपल्या वर्तमानपत्रातील शब्दकोड्याचाही हाच गुण आहे: ते संपते. चहा संपतो, कोडे संपते, आणि माणूस उठतो.

नातवंडांच्या शेजारी बसून पाहण्यासाठी दोन खेळ सुचवते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ आणला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती कथा आहे. तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू आहेत. राजस्थानी वाड्यांसारखी वास्तू, पहाडी चित्रशैलीसारखे रंग आणि छायाबाहुल्यांनी सांगितलेले कथाभाग यांनी तो सजला आहे. मी खेळत असताना ८१ वर्षांच्या सासूबाई शेजारी येऊन बसल्या. खलनायकाचे नाव महाबलासुर आहे हे ऐकल्यावर म्हणाल्या, “असा कोणी आमच्या पोथीत नव्हता हो!” आणि मग महिषासुरापासून सुरुवात करून त्यांनी खऱ्या असुरांची यादीच सांगितली. तासाभरात खेळ थोडाच पुढे सरकला, परंतु त्यांचा इतका प्रसन्न चेहरा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

दुसरा ‘वेण्बा’. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची ही कथा जुलै २०२३ मध्ये आली. आईने दिलेले पाककृतींचे पुस्तक फाटले आहे, अक्षरे पुसली आहेत. त्यांचा अंदाज घेत इडली, पुट्टू, बिर्याणी करावयाची. मधल्या वर्षांत मुलगा मोठा होतो आणि आईच्या भाषेपासून दूर जातो. ज्यांची मुले न्यू जर्सीत किंवा टोरांटोत आहेत, त्यांना यात तमिळ-मराठी असा भेद जाणवणार नाही. हा खेळ दीड-दोन तासांत संपतो, आणि संपल्यावर फोन करावासा वाटतो तो मुलालाच.

गेल्या वर्षीच्या एका मोठ्या खेळाने मला वेगळ्याच कारणाने विचारात टाकले. फ्रान्समधील माँपेलिए शहरात तयार झालेल्या ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३’ या खेळास डिसेंबर २०२५ मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. त्यातील जगात एक गूढ चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते, आणि त्या वयाची माणसे विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने उतरतो. कथा सुरू होते तेव्हा तो ३३ वर आलेला असतो. म्हणजे त्या नगरात आजी-आजोबा नाहीतच. खेळ हिंसक आहे, ज्येष्ठांना मी तो सुचवणार नाही. परंतु माझ्या पंचविशीतल्या मुलाने तो दाखवताना म्हटले, “आई, या गावात काही विचारायला कोणी मोठं माणूसच नाही.” नव्या पिढीच्या खेळातही वडीलधाऱ्यांची उणीव ही भयकथा ठरते, हे आपल्यासारख्यांनी जरूर ऐकून ठेवावे.

नातवंडांसाठी खरेदी करणाऱ्यांना एक सूचना. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेचा सहावा भाग दोनदा पुढे ढकलला गेला असून १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालेली आहे. मागचा भाग २०१३ चा, त्यामुळे मुलांत त्याची प्रचंड उत्सुकता आहे. ही मालिका प्रौढांसाठी आहे. बारा वर्षांच्या नातवाने हट्ट धरला तरी आजोबांनी पेन्शनमधून तो भेट देऊ नये. मात्र वीस वर्षांची नात खेळ ‘बनवावयास’ शिकते म्हणाली तर हसू नका. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर या धंद्यातील हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, हेही तिला माहीत असू द्यावे.

“डॉक्टर, मेंदू तल्लख करणारे अ‍ॅप घेऊ का?” हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. लुमोसिटी या अशाच अ‍ॅपच्या कंपनीला स्मरणशक्तीविषयीच्या फसव्या जाहिरातींबद्दल अमेरिकेतील नियामकांनी जानेवारी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावयास लावले होते. मेंदूच्या व्यायामावर गंभीर संशोधन चालू आहे आणि काही प्रकारच्या सरावाचे निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु सामान्यतः माणूस ज्या खेळाचा सराव करतो, त्याच खेळात तो तरबेज होतो; चष्मा कुठे ठेवला हे आठवण्यास त्याची फारशी मदत होत नाही. चालणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र वापरणे आणि माणसांत मिसळणे यांवर खर्च केलेला पैसा अधिक फळतो. खेळ खेळावा तो आनंदासाठी.

शरीराची काळजीही घ्यावी. दर वीस मिनिटांनी वीस फूट अंतरावरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात. मोबाइल मांडीवर ठेवून मान वाकवण्याऐवजी उशीच्या आधाराने तो डोळ्यांच्या पातळीवर आणावा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दुखू लागल्यास खेळ काही दिवस बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात फेरी मारावी. मधुमेह असलेल्यांनी डाव अर्धा सोडावा, जेवण आणि गोळीची वेळ नाही. झोपण्याच्या आधी एक तास खेळ बंद. टीव्हीसमोर उभे राहून हातातला रिमोट हलवत बॉलिंग किंवा टेनिस खेळण्याची साधने २००६ सालापासून आहेत आणि परदेशांतील वृद्धाश्रमांत ती लोकप्रिय झाली. परंतु तोल जात असेल तर ती खुर्चीत बसूनच खेळावीत. खुब्याच्या हाडापेक्षा गुण मोठे नाहीत.

आता काळजी घेणाऱ्या मुला-सुनांशी दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतला असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळास अग्रक्रम देणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारणपणे वर्षभर चालले आणि रोजचे जीवन विस्कटले तर तो विकार. दुपारी तासभर लुडो खेळणारी आई या व्याख्येत बसत नाही. तिला बोल लावू नका. परंतु आयुष्यभर काटकसरी असलेले वडील अचानक पैसे उडवू लागले, स्वभाव बदलला, लपवाछपवी सुरू झाली, तर रागावण्याआधी तपासणी करा. कारण औषध असू शकते, नैराश्य असू शकते, किंवा वर्तन बदलवणाऱ्या स्मृतिभ्रंशाची ती सुरुवातही असू शकते. मोबाइलमध्ये खरेदीसाठी पासवर्ड लावा, यूपीआयची दैनंदिन मर्यादा कमी करून घ्या, आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची यादी महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर बसून पाहा. हे सर्व त्यांच्या संमतीने आणि सन्मानाने करा. ऑनलाइन फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. पहिले काही तास मोलाचे असतात. मन खचले असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणि शेवटी एक चिठ्ठी लिहून देते, जशी दवाखान्यात लिहिते. खेळ: आवडेल तो, पैसे न लावता. मात्रा: अर्धा ते पाऊण तास, दिवसातून एकदा, जेवणानंतर. सोबत: शक्यतो कोणी तरी. पथ्य: दाराची घंटा वाजली, नातवाने हाक मारली, खालच्या बागेतल्या कट्ट्यावरून बोलावणे आले, की मोबाइल उलटा करून ठेवावा. तो सहज ठेवता आला, तर आपली तब्येत ठीक आहे.